आज मी माय

सकाळी ६. "उठा, नळ आलाय!" रोज ही हाक आईची असते, आज आमच्या सात वर्षांच्या पोरीची. वाटणी रात्रीच झाली आहे: ती माय, आम्ही दोघं लेकरं, आजी तान्हं बाळ. घागरी तिला उचलत नाहीत, म्हणून ती नुसती मोजते आणि सांडलेल्या पाण्यावरून मला रागावते.

साडेसात. माझ्या कानामागं साबण लागला की नाही, याची तपासणी.

९ वाजता धपाटे. गॅस आईकडं, थापायचं काम तिचं. ओल्या फडक्यावर ज्वारीचं पीठ पसरतं, फाटतं, पुन्हा थापलं जातं. फाटका धपाटा माझ्या ताटात येतो. "पानात टाकायचं नाही, बाळा."

११. तान्ही आजी जनाबाईची गोष्ट सांगते. जनाबाई आमच्या गंगाखेडचीच. लहानपणीच पंढरपुरात दामाशेटींच्या घरी कामाला गेली. ती थकली की विठ्ठल जात्यावर बसायचा, शेण्या वेचायचा. "म्हणजे देव जनी झाला होता?" पोर विचारते. "झालाच की," आजी म्हणते. अशी अदलाबदल शाळांतही होते: ५ सप्टेंबरला स्वयंशासन दिन असतो. मुलं गुरुजींच्या खुर्चीत बसतात, ते मला आवडतंच. पण आमच्या पोरीनं खुर्चीआधी झाडू मागितला, याचं मला जास्त अप्रूप आहे. जनाबाईचा देवही मखर सोडून जात्यावरच आला होता.

२ वाजता सगळ्यांनी झोपायचं, असा हुकूम सुटतो. मी डोळे मिटून पडतो. ती मात्र सुपात तुरीची डाळ घेऊन खडे शोधत बसते. डोळे पेंगतात, मान खाली जाते, पुन्हा वर येते.

"तू पण झोप की."

"मायला दुपारी झोपता येत नाही. आई कधी झोपती का?"

तिची आई शेजारीच आडवी झालेली. ती हसत नाही. उठते, सूप बाजूला ठेवते आणि पोरीला कुशीत घेते. मायनं दुपारी झोपायचं नसतं, हे पोरीला कुणी शिकवलेलं नाही. बघून बघून तिनं आईचा अख्खा दिवस पाठ केला आहे.

५ वाजता गोदावरीच्या घाटाकडं. रस्ता ओलांडताना माझं बोट तिच्या मुठीत.

८. सगळ्यांना वाढून झाल्याशिवाय ती बसत नाही; पोटात कावळे ओरडत असले तरी. बायको तिला ओढून ताटावर बसवते, "आज माय आधी जेवंल."

झोपताना पुढच्या रविवारची वाटणी सांगून होते: बाबा माय, आई पोरगी. आणि पोरीनं दुपारी झोपायचंच.