गुडघा बदलला, कळ कुठं अडवायची?

ऑक्टोबर 2000 मध्ये मुंबईच्या ब्रीच कँडी रुग्णालयात पंतप्रधान वाजपेयींचा डावा गुडघा बदलला, तेव्हा या शस्त्रक्रियेची चर्चा घरोघरी झाली. आता ती जळगाव-धुळ्यातही होते. धास्ती मात्र तीच: कमरेतल्या भुलीच्या इंजेक्शनचा असर ओसरला की पुढं काय?

पुढचं काम मांडीत होतं. भूलतज्ज्ञ सोनोग्राफीचा प्रोब मांडीच्या आतल्या बाजूला टेकवतात. पडद्यावर धमनी काळ्या, धडधडत्या वर्तुळासारखी दिसते. तिच्या शेजारीच गुडघ्याची संवेदना नेणारी नस. सुईचं टोक पडद्यावर पाहत तिथं रोपिव्हाकेन सोडलं की नसेतले सोडियमचे मार्ग बंद होतात आणि कळ वर चढतच नाही. पूर्वी मूळ नसच जांघेत गाठत. दुखणं थांबे, पण मांडीचा स्नायूही लुळा पडे आणि उठताना गुडघा दगा देई. मांडीतल्या या खालच्या ब्लॉकमध्ये, म्हणजे नस बधिर करणाऱ्या इंजेक्शनमध्ये, ताकद बरीचशी टिकते, म्हणून वॉकर धरून संडासापर्यंत लवकर जाता येतं. पेशंटला याचंच अप्रूप! गुडघ्यामागच्या दुखण्याला मात्र वेगळं इंजेक्शन लागतं. ब्लॉकचा असर साधारण 12 ते 24 तास. म्हणून सांगितलेल्या गोळ्या कळ उठायच्या आधीच सुरू कराव्यात.

अडचण यंत्राची. सोनोग्राफी यंत्राला गर्भलिंगनिदानबंदी कायद्याखाली नोंदणी लागते. ते या दवाखान्यातून त्या दवाखान्यात सहज नेता येत नाही. भूलतज्ज्ञ कुरकुरतात, पण 2011 च्या जनगणनेत जळगाव जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलांमागं 842 मुली होत्या. कडकपणा उगाच नाही.

ऑपरेशन ठरवतानाच ब्लॉक मिळेल का, हे विचारा. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर तेही आधीच सांगा.