मजकूर एक, पत्ते उघडे

लंडनमधील एका एचआयव्ही उपचार केंद्राने सप्टेंबर २०१५ मध्ये आपली सेवा घेणाऱ्यांना ई-मेलने एक वार्तापत्र पाठविले. मजकुरात आक्षेपार्ह असे काहीही नव्हते. परंतु ७८१ जणांचे पत्ते ज्या रकान्यात लिहावयास हवे होते, त्याऐवजी ते वरच्या उघड्या रकान्यात पडले आणि प्रत्येकास उरलेल्या सर्वांची यादी वाचावयास मिळाली. ७३० पत्त्यांत तर व्यक्तीचे पूर्ण नावच होते. आप्तांपासूनही जपलेले गुपित असे एका क्षणात शेकडो अनोळखी माणसांच्या हाती गेले. त्या यादीतील काही थोड्या जणांना तो आजार नव्हताच. संशयाचे धनी मात्र तेही झाले. ब्रिटनच्या माहिती आयुक्तांनी मे २०१६ मध्ये संबंधित संस्थेस १ लाख ८० हजार पौंडांचा दंड केला.

ज्या रकान्याचा विसर पडल्याने हे घडले, त्याचे नाव ‘बीसीसी’, म्हणजे ‘ब्लाइंड कार्बन कॉपी’. टंकयंत्राच्या काळातील कारकुनास ही कल्पना मुळीच नवी वाटणार नाही. पत्राखाली ‘प्रत माहितीसाठी’ असे लिहून नावे देण्याचा प्रघात होता; पण एखादी प्रत कोणास जात आहे हे मूळ पत्र घेणाऱ्यास कळू द्यावयाचे नसेल, तर वरचा कागद यंत्रातून काढून घेऊन तेवढी एक ओळ केवळ कार्बनच्या प्रतींवर उमटविली जाई. १९७७ साली अमेरिकेतील अर्पानेट या जाळ्यासाठी संगणकीय पत्रांचे मानक ठरविण्यात आले, तेव्हा कचेरीतील ही युक्ती त्यात समाविष्ट झाली. पत्र पोचविणाऱ्या यंत्रणेस पत्ता कळतो, पत्र वाचणाऱ्यास तो दिसत नाही, इतकाच तिचा अर्थ.

मग इतकी सोपी गोष्ट वारंवार चुकते कशी? ब्रिटनच्याच माहिती आयुक्तालयाने २०१९ पासून ऑगस्ट २०२३ पर्यंत अशा सुमारे एक हजार प्रकरणांची नोंद केली. याचे खापर बहुधा निष्काळजी कर्मचाऱ्यावर फोडले जाते. ते अर्धेच खरे आहे. अर्थशास्त्रात ज्यास बाह्य व्यय म्हणतात, त्याचे हे नमुनेदार उदाहरण होय. कारखानदार सांडपाणी नदीत सोडतो, कारण त्याची किंमत खालच्या गावाने मोजावयाची असते. येथेही रकाना बदलण्याचे, यादी तपासण्याचे श्रम पाठविणाऱ्याचे. ते टाळल्याने होणारी हानी मात्र सर्वस्वी दुसऱ्याची. त्यातच बहुतेक ई-मेल व्यवस्थांत उघडा रकाना समोरच असतो आणि झाकलेला रकाना मागावा लागतो. धोक्याची वाट रुंद आणि सुरक्षित वाट आडबाजूला, अशी ही रचना आहे.

सप्टेंबर २०२१ मध्ये या हानीने प्राणांचेच संकट उभे केले. ब्रिटिशांना साहाय्य केल्यामुळे तालिबानच्या रोषास पात्र ठरलेल्या २४५ अफगाण नागरिकांचे पत्ते ब्रिटनच्या संरक्षण मंत्रालयाने एकमेकांना उघड केले. त्यांपैकी ५५ जणांची छायाचित्रेही दिसत होती. दोघांनी सर्वांनाच उत्तर पाठविले आणि त्यातील एकाने आपला ठावठिकाणाही कळविला. डिसेंबर २०२३ मध्ये मंत्रालयास साडेतीन लाख पौंडांचा दंड झाला. इतके नाजूक काम बीसीसीच्या भरवशावर सोडणे हेच मुळात चुकले होते. प्रत्येकास स्वतंत्र पत्र धाडणारी साधने सहज उपलब्ध असताना एकाच पत्रावर शेकडो जीव टांगून ठेवण्याचे कारण नव्हते.

वरिष्ठांना गुपचूप प्रत पाठवून सहकाऱ्यास कोंडीत पकडण्याचा कचेऱ्यांतील उद्योगही याच रकान्यातून चालतो. (अशी प्रत मिळालेला वरिष्ठ अनवधानाने ‘सर्वांना उत्तर’ देतो, तेव्हा बिंग फुटतेच.) पण परस्परांशी संबंध नसलेल्या शंभर जणांचे पत्ते झाकणे आणि सहकाऱ्यापासून साक्षीदार लपविणे या निराळ्या गोष्टी आहेत.

आपल्याकडे शुल्कमाफीसाठी अर्ज केलेल्या विद्यार्थ्यांना महाविद्यालयाने एकच उघडे पत्र धाडले, तर कोणाच्या घरी काय परिस्थिती आहे हे साऱ्या वर्गास कळते. पालकांच्या व्हॉट्सॲप गटात प्रत्येकाचा दूरध्वनी क्रमांक इतरांपुढे येतो, त्याविषयी तर कोणी चकार शब्द काढीत नाही. तेथील ‘ब्रॉडकास्ट’ यादीने तोच निरोप क्रमांक न दाखविता जाऊ शकतो, फक्त घेणाऱ्याने पाठविणाऱ्याचा क्रमांक जतन केलेला असावा लागतो.

सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१७ मध्ये खासगीपण हा मूलभूत हक्क मानला. संसदेने २०२३ साली वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा केला आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले. माहिती सुरक्षित राखण्यात कसूर करणाऱ्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद त्यात आहे. परंतु हा दंड भारताच्या संचित निधीत जमा व्हावयाचा आहे; एवढेच नव्हे, तर माहिती तंत्रज्ञान कायद्यातील नुकसानभरपाईचे जे कलम होते, तेही या कायद्याने वगळण्याचे ठरविले आहे. संस्था सरकारी असेल, तर सरकारचा पैसा सरकारकडेच परतणार. ज्याचे नाव यादीत उघडे पडले, त्याच्या पदरी या हिशेबात काहीही पडत नाही.