पत्राला कुलूप, किल्ली आपल्याजवळ

पोस्टकार्ड कोणीही वाचतो, म्हणून घरातली नाजूक गोष्ट आपण बंद पाकिटात लिहितो. त्यात पाप नसते. संगणकावरून जाणाऱ्या पत्रालाही पाकीट हवे, म्हणून अमेरिकेतील फिल झिमरमन यांनी १९९१ मध्ये 'प्रिटी गुड प्रायव्हसी' ही प्रणाली लोकांना फुकट दिली. तिची युक्ती सोपी: कुलूप सर्वांना वाटावे, किल्ली स्वतःजवळच ठेवावी. कुलूपबंद मजकूर वाटेत कोणाच्या हाती पडला, तरी त्याला वाचता येत नाही.

त्या काळी अमेरिकेचा कायदा अशा प्रणालीची गणना शस्त्रांत करी. ती देशाबाहेर पोहोचली म्हणून झिमरमन यांच्यामागे चौकशी लागली. १९९६ मध्ये खटला न भरताच ती थांबली.

व्हॉट्सॲपच्या संदेशांना २०१६ पासून असेच कुलूप आहे. गुन्हेगारही त्याचा आडोसा घेतात, हे खरे. पण सरकारसाठी केलेली जादा किल्ली उद्या चोराच्या हाती लागली, तर सर्वांचीच घरे उघडी पडतील.

२०१७ साली सर्वोच्च न्यायालयाच्या ९ न्यायमूर्तींनी एकमताने सांगितले, की खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे. घटनेच्या २१ व्या कलमातच तो आहे. आमचे सांगणे इतकेच: हा हक्क गरिबाचाही आहे. तो जपा, आणि फोनचा पिन कोणाला देऊ नका.