एक इंजिन बंद पडले तरी

विमानाने धावपट्टी सोडली आणि त्याच क्षणी दोनपैकी एक इंजिन बंद पडले, तर काय होईल? विमानप्रवास आता आपल्या घराघरांत पोहोचला आहे. म्हणून या प्रश्नाचे उत्तर समजून घेणे आम्हांस अगत्याचे वाटते.

प्रत्येक उड्डाणापूर्वी वैमानिक एक निर्णायक वेग निश्चित करतात. त्या वेगाच्या आत इंजिन गेले, तर विमान धावपट्टीवरच थांबवायचे. तो ओलांडल्यावर मात्र उड्डाण पूर्णच करायचे. कारण थांबण्यास पुरेशी धावपट्टी उरलेली असेलच असे नाही.

एक इंजिन गेल्याने रेटा निम्मा होतो. चढण्याची क्षमता मात्र निम्म्याहूनही पुष्कळ खाली येते. दोघांच्या मिळकतीवर चालणाऱ्या घरात एकाची मिळकत थांबली, तरी घरखर्च तोच राहतो. आटते ती शिल्लक. विमानाचा खर्च म्हणजे हवेचा विरोध. तो भागवून उरलेल्या रेट्यावरच विमान वर चढते.

म्हणून नियम असा, की दोन इंजिनांच्या जेट विमानास चाके आत घेतल्यावर एकाच इंजिनावर किमान २.४ टक्के चढ साधता आला पाहिजे. म्हणजे शंभर मीटर पुढे जाताना २.४ मीटर वर. वाटेतील डोंगरांचा हिशेब करताना सावधगिरी म्हणून त्यातूनही ०.८ टक्के वजा करतात. किमान चढ धरला, तर दहा किलोमीटरांत जेमतेम १६० मीटर उंची हिशेबात येते. हा कमी धरलेला मार्गसुद्धा अडथळ्यांच्या किमान ३५ फूट वरून जावा लागतो.

लडाखमधील लेहचा कुशोक बकुला रिम्पोछे विमानतळ सुमारे ३,२५० मीटर उंचीवर, डोंगरांच्या वेढ्यात आहे. तेथील हवेची घनता समुद्रसपाटीच्या जवळपास तीन-चतुर्थांश. त्यामुळे इंजिनाचा रेटा घटतो आणि उड्डाणास वेगही अधिक लागतो. उन्हाने हवा तापली की ती आणखी विरळ होते; म्हणून तेथील उड्डाणे प्रामुख्याने सकाळी होतात. इंजिन गेल्यास कोणत्या वाटेने वळायचे, हेही आधीच ठरलेले असते.

डोंगर हलविता येत नाही, हवा दाट करता येत नाही. माणसाच्या हाती उरते ते वजन. म्हणून अशा ठिकाणी काही आसने रिकामी ठेवावी लागतात, क्वचित सामानही मागे राहते. त्याबद्दल कर्मचाऱ्यांवर रागावण्यापूर्वी प्रवाशांनी हा हिशेब आठवावा, एवढीच आमची विनंती.