दोन टाक्या, एकच तोटी

दर्यापूर खारपाणपट्ट्यात येते. गोड्या पाण्याची किंमत येथे कोणाला सांगावी लागत नाही. समजा, एका घरी गोड्या पाण्याच्या दोन टाक्या काठोकाठ भरल्या आहेत. पण तोटी एकीलाच आहे. ती टाकी फुटली तर?

दर्यापुरातील एका महाविद्यालयात आम्ही नेमके असेच करून ठेवले होते. तेथे लिनक्सवर चालणाऱ्या संगणकात विद्यार्थ्यांनी वर्षानुवर्षे घेतलेल्या पावसाच्या नोंदी होत्या. त्या जपण्यासाठी दोन तबकड्या 'रेड-१' पद्धतीने जोडल्या होत्या. (रेड हे नाव १९८८ साली बर्कलीच्या पॅटरसन, गिब्सन व कॅट्झ यांनी रूढ केले.) या पद्धतीत एका तबकडीवर लिहिलेले सर्व दुसरीवरही लिहिले जाते. लिनक्समध्ये हे काम आज्ञावलीच करते. वेगळे यंत्र लागत नाही.

मध्यंतरी दुसरी तबकडी बिघडली. आम्ही नवी बसवली, 'एमडीएडीएम' या आज्ञावलीने ती जोडीत घेतली. काही तासांत ती भरली. पडद्यावर 'यूयू' अशी खूण आली, म्हणजे दोन्ही तबकड्या ठीक. आम्ही निश्चिंत झालो. पुढे एका मे महिन्यात वीज गेली, आली, आणि पहिली तबकडी बंद पडली ती कायमचीच. दुसरीवर सर्व नोंदी होत्या, तरी संगणक सुरूच होईना!

असे का व्हावे? वीज आल्याबरोबर संगणकात लिनक्स नसतेच. जुन्या पद्धतीच्या संगणकात बायॉस तबकडीचा फक्त पहिला, ५१२ बाइटांचा तुकडा वाचतो. त्यातील ४४६ बाइटांत लिनक्सला हाक मारणाऱ्या 'ग्रब'चा आरंभ असतो. आमची रेड मात्र तबकडीच्या विभागांची होती. पहिला तुकडा कोणत्याच विभागात येत नाही, म्हणून त्याची नक्कलही झाली नाही. नव्या यूईएफआय संगणकांत या तुकड्याऐवजी एक छोटा विभाग असतो. तोही बहुधा रेडच्या बाहेरच राहतो.

पेनड्राइव्हवरील लिनक्सने संगणक सुरू केला. नोंदी जशाच्या तशा होत्या. मग उरलेल्या तबकडीवर 'ग्रब-इन्स्टॉल' चालवले. काम दोन मिनिटांचे. ते तबकडी बदलली त्याच दिवशी करायचे होते.

आता तबकडी बदलली की आम्ही परीक्षा घेतो. संगणक बंद करून एका तबकडीची तार काढायची आणि तो सुरू होतो का ते पाहायचे. मग ती तबकडी परत जोडीत घ्यायची आणि 'यूयू' येईपर्यंत थांबायचे. त्यानंतरच दुसरीची तार काढायची. येथे घाई केली तर दोन्ही तबकड्यांवर वेगवेगळा मजकूर तयार होतो आणि खरा कोणता हा नवाच घोळ होतो. शिवाय चुकून पुसलेली नोंद दोन्हीकडून एकदमच पुसली जाते. म्हणून पावसाच्या नोंदींची तिसरी प्रत आता वेगळ्या इमारतीतल्या कपाटात असते.