कॉम्प्रेसरची बैठक



गेल्या हंगामात गंधकभट्टीला हवा देणारा आपला कॉम्प्रेसर दोनदा थांबला, हे आपणांस ठाऊक आहेच. मेन बेअरिंग तापत होते. नवे टाकले, तर तेही तापले! भट्टीची हवा गेली की रसाला गंधकाचा धूर मिळत नाही, साखरेचा रंग बिघडतो, गाळप मंदावते आणि गव्हाणीपाशी तुमचा ऊस वाळत पडतो. तेव्हा ही गोष्ट नुसती फिटर लोकांची नव्हे.

ऑफ सीझनमध्ये आम्ही इंजिनिअरिंग विभागाचे तिघे पालघर जिल्ह्यात वसईला एक बर्फाचा कारखाना पाहायला गेलो. तिथला अमोनियाचा कॉम्प्रेसरही आपल्यासारखाच, दट्ट्या मागेपुढे करणारा. तो थांबला तर होड्यांना बर्फ नाही आणि बर्फ नाही तर मासळी नासली. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, तेवढ्यात ही मंडळी यंत्र खोलून घेतात.

आमची हकीगत ऐकून तिथले म्हातारे फिटर हसले. म्हणाले, "बेअरिंग कशाला बदलता साहेब? फ्रेम बघितली का?"

खरे सांगायचे तर बघितली नव्हती. बसवताना साधी पाणसळ लावली, बुडबुडा मध्ये आला, ग्राउट ओतून मोकळे झालो. पण पाणसळ दाखवते ती यंत्राची पातळी. बोल्ट आवळताना फ्रेमला पीळ बसला का, हे ती सांगत नाही. खाटेचा एक पाय आखूड असला तर खाट डुगडुगते. यंत्राचा पाय आखूड असला तर बोल्ट त्याला ओढून खाली बसवतो, अन् फ्रेम वाकते.

म्हाताऱ्यांनी करूनच दाखवले. पायाजवळ डायल गेज लावले, त्या एकाच बोल्टची पकड सैल केली. काटा ०.०५ मि.मी.हून जास्त हलला, म्हणजे पाय उचलला, की त्याखाली शिम. एकावर एक पाच-सहा पातळ पत्रे नकोत, एक-दोन जाड चांगले. असे एकेक करून सगळे पाय. मग बाजूचे झाकण काढून क्रँकच्या दोन पाखांमध्ये गेज अडकवले आणि क्रँक हाताने फिरवत ठिकठिकाणी आकडा घेतला. फ्रेम वाकली असेल तर पाखे मिटतात, उघडतात. फरक स्ट्रोकच्या दहा हजाराव्या भागात असावा, हा ढोबळ हिशेब, १५० मि.मी. स्ट्रोकला ०.०१५. शेवटचा शब्द मात्र यंत्राबरोबर आलेल्या पुस्तकाचा. हे आकडे ग्राउटच्या आधी घ्यायचे, ग्राउट मुरल्यावर बोल्ट आवळून पुन्हा घ्यायचे आणि पाइप जोडल्यावर तिसऱ्यांदा. पहारीने ओढून जोडलेला पाइपसुद्धा फ्रेम वाकवतो. मोटार जुळवायची ती या सगळ्यानंतर. आम्ही नेमके उलटे केले होते.

परत आल्यावर आपले यंत्र तपासले. मोटारीकडचा एक पाय ०.१८ मि.मी. उचलला! तिथले ग्राउट फोडून पुन्हा केले, त्यात नऊ दिवस गेले. आधीचे व नंतरचे आकडे वहीत लिहिले आहेत. वही विभागाच्या कचेरीत आहे. कोणाही सभासदाने येऊन पाहावी.