जावास्क्रिप्ट एंजिनातील स्मृतिदोष

इंटरनेटवरील पृष्ठे पडद्यावर दाखविणाऱ्या ब्राउझर या कार्यक्रमात जावास्क्रिप्ट भाषेतील आज्ञा पार पाडणारा जो भाग असतो, त्यास जावास्क्रिप्ट एंजिन म्हणतात. एंजिनाच्या रचनेतील चुकीमुळे संगणकाच्या स्मृतीतील नेमून न दिलेली जागा वाचली जाणे, तीत लिहिले जाणे किंवा तेथील मजकुराचा भलताच अर्थ लावला जाणे, यास स्मृतिदोष म्हणतात. या दोषाचे गांभीर्य असे की, वापरणाऱ्याने कोणतीही फाईल उतरवून घेतली नाही वा कोठेही संमती दिली नाही, तरी दुष्ट हेतूने तयार केलेले पृष्ठ नुसते उघडल्याने त्याच्या संगणकावर परक्याचा अंमल बसण्यास सुरुवात होऊ शकते.

पार्श्वभूमी : जावास्क्रिप्ट ही भाषा ब्रेंडन आइक यांनी १९९५ मध्ये नेटस्केप या अमेरिकन कंपनीत तयार केली. प्रपत्रात भरलेली माहिती तपासणे, चित्र बदलणे यांसारख्या किरकोळ कामांसाठी ती योजलेली होती व एंजिन एकेक आज्ञा वाचून ती सावकाश पार पाडीत असे. पुढे नकाशे, टपाल, बँकेचे व्यवहार इ. कामे ब्राउझरमध्येच होऊ लागल्याने वेगाची निकड निर्माण झाली. २००८ मध्ये गूगल कंपनीने क्रोम ब्राउझरबरोबर व्ही-८ हे वेगवान एंजिन प्रसिद्ध केले. फायरफॉक्समधील स्पायडरमंकी व सफारीमधील जावास्क्रिप्टकोअर ही इतर प्रमुख एंजिने होत. क्रोम, एज व ऑपेरा या ब्राउझरांत व्ही-८ हेच एंजिन असल्याने त्यातील एक दोष या सर्वांना एकाच वेळी बाधतो.

ही एंजिने मुख्यतः सी++ या भाषेत लिहिलेली आहेत. बेल प्रयोगशाळेत डेनिस रिची यांनी १९७० नंतरच्या काळात घडविलेल्या सी भाषेपासून ती निघाली. या भाषांत स्मृतीतील पत्ते थेट हाताळता येतात. पत्ता योग्य आहे की नाही हे प्रत्येक वेळी तपासण्याचे बंधन नसल्याने कार्यक्रम वेगाने चालतो. तथापि चुकीचा सर्व भार कार्यक्रम लिहिणाऱ्यावर पडतो.

दोषांचे प्रकार : स्मृती ही टपाल कचेरीतील क्रमांकित खणांच्या मांडणीसारखी असते. प्रत्येक खणाचा क्रमांक हा त्याचा पत्ता होय. दोषांचे तीन प्रकार वारंवार आढळतात. (१) मर्यादाभंग : दहा खण दिले असता अकराव्या खणात लिहिणे वा तो वाचणे. अकरावा खण दुसऱ्याच कामासाठी दिलेला असल्याने तेथील मजकूर बिघडतो वा उघड होतो. (२) मुक्त स्मृतीचा वापर : काम संपल्यावर खण परत केला जातो व तो दुसऱ्या कामास मिळतो, परंतु जुना पत्ता कार्यक्रमाच्या एखाद्या भागात शिल्लक राहतो. खोली सोडून गेलेल्या भाडेकरूकडे जुनी किल्ली राहावी, तसा हा प्रकार आहे. (३) प्रकारसंभ्रम : खणातील मजकूर साधी संख्या असता तो पत्ता समजणे किंवा पत्ता असता तो संख्या समजणे. संख्या कोणती असावी हे पृष्ठ लिहिणाऱ्याच्या हाती असल्याने, या चुकीमुळे एंजिन त्याने सांगितलेल्या पत्त्यावर जाऊ शकते.

एंजिनाची विशेष अडचण : जावास्क्रिप्टमध्ये एकाच नावाखाली आता संख्या, तर नंतर शब्द ठेवता येतो. प्रत्येक वेळी प्रकार तपासत बसल्यास वेग मंदावतो. म्हणून एखादा भाग पुनःपुन्हा चालविला जात आहे असे दिसताच एंजिन मागील अनुभवावरून अनुमान बांधते व त्या भागाचे यंत्रभाषेत तत्काळ रूपांतर करते. उदा., येथे आजवर संख्याच आल्या असतील, तर पुढेही संख्याच येतील असे गृहीत धरून अनावश्यक वाटणाऱ्या तपासण्या गाळल्या जातात. अनुमान चुकल्यास मूळ सावकाश मार्गाकडे परतण्याची सोय असते. परंतु अनुमान चुकण्याची एखादी वाट एंजिन लिहिणाऱ्याच्या ध्यानात आली नसेल, तर परतण्याची सूचनाच मिळत नाही व प्रकारसंभ्रम घडतो. म्हणजे येथे मुळातील चूक तर्काची असते. तिचा परिणाम मात्र स्मृतीवर होतो.

२०१९ मधील घटना : सीव्हीई-२०१९-११७०७ या क्रमांकाने नोंदविलेला स्पायडरमंकीतील दोष या दृष्टीने उद्‌बोधक आहे. मांडणीतील शेवटचा घटक काढून घेण्याच्या ‘पॉप’ या साध्या क्रियेशी तो निगडित होता. मांडणीतील जागा रिकामी असल्यास जावास्क्रिप्टच्या नियमानुसार त्या जागेचे मूल्य मांडणीच्या आद्यरूपातून घेतले जाते. असे मूल्य निराळ्या प्रकारचे असू शकते, ही शक्यता यंत्रभाषेत रूपांतर करताना पुरेशी तपासली जात नव्हती. गूगलच्या प्रोजेक्ट झीरो या गटातील सामुएल ग्रोस यांनी हा दोष १५ एप्रिल २०१९ रोजी मोझिला संस्थेस कळविला. दुरुस्त आवृत्ती १८ जून रोजी प्रसिद्ध झाली. तत्पूर्वीच कॉइनबेस या आभासी चलनाचे व्यवहार करणाऱ्या कंपनीच्या कर्मचाऱ्यांविरुद्ध त्याचा वापर झाला होता. विद्यापीठातील व्यक्तीच्या नावे त्यांच्याशी आधी साधा पत्रव्यवहार करून विश्वास संपादन करण्यात आला व मागाहून घातक पृष्ठाचा दुवा पाठविण्यात आला. हा प्रयत्न कंपनीच्या सुरक्षा विभागाने ओळखून निष्फळ केला.

दुरुपयोगाची रीत : सामान्यतः हल्ला दोन टप्प्यांत होतो. प्रथम स्मृतिदोषाच्या आधारे स्मृतीतील हवा तो भाग वाचण्याची व लिहिण्याची शक्ती मिळविली जाते. तथापि आधुनिक ब्राउझर प्रत्येक पृष्ठाचे काम अल्प अधिकारांच्या कोंडलेल्या प्रक्रियेत चालवितात. म्हणून ही कोंडी फोडण्यासाठी बहुधा दुसरा दोष लागतो. वरील घटनेतही असा दुसरा दोष वापरलेला होता व त्याची दुरुस्ती २० जून रोजी प्रसिद्ध झाली.

व्याप्ती : स्मृतीच्या मर्यादाभंगाचा धोका जेम्स अँडरसन यांच्या १९७२ मधील अमेरिकन हवाई दलासाठी केलेल्या अहवालात नमूद आहे. २ नोव्हेंबर १९८८ रोजी इंटरनेटवर पसरलेल्या मॉरिस कृमीने ज्या मार्गांनी संगणकांत शिरकाव केला, त्यांपैकी एक मर्यादाभंगाचा होता. क्रोमच्या निर्मात्यांनी २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या माहितीनुसार त्या ब्राउझरमधील गंभीर सुरक्षा-दोषांपैकी सु. ७० टक्के स्मृतीच्या असुरक्षित हाताळणीमुळे उद्भवलेले होते व त्यांतील सु. निम्मे मुक्त स्मृतीच्या वापराचे होते.

प्रतिबंधक उपाय : रस्ट या भाषेत (पहिली स्थिर आवृत्ती २०१५) स्मृतीच्या वापराचे नियम कार्यक्रम चालण्यापूर्वीच तपासले जातात, त्यामुळे ब्राउझरचे काही भाग तीत लिहिले जात आहेत. परंतु जावास्क्रिप्ट एंजिनाच्या बाबतीत हा उपाय अपुरा पडतो. कारण एंजिन स्वतःच यंत्रभाषेतील आज्ञा तयार करते व त्या आज्ञांना मूळ भाषेचे नियम लागू होत नाहीत. म्हणून एंजिनाच्या स्मृतीस स्वतंत्र कुंपण घालून दोषाची हानी आतच रोखण्याची योजना व्ही-८ मध्ये करण्यात आली असून, मार्च २०२४ मधील क्रोमच्या १२३ व्या आवृत्तीपासून ती प्राथमिक स्वरूपात उपलब्ध झाली. वेगावर पाणी सोडून तत्काळ रूपांतर बंद ठेवणे हा दुसरा मार्ग होय. ॲपलने २०२२ मध्ये आणलेल्या, विशेष धोका असलेल्या व्यक्तींसाठीच्या ‘लॉकडाउन’ पद्धतीत तो अनुसरला आहे.

भारतातील व्यवस्था : जानेवारी २००४ पासून कार्यरत असलेले भारतीय संगणक आपत्कालीन प्रतिसाद पथक (सर्ट-इन) ब्राउझरमधील दोषांविषयी वेळोवेळी सूचना प्रसिद्ध करते. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० याच्या कलम ७०-ब नुसार त्यास राष्ट्रीय यंत्रणेचा दर्जा आहे. विशिष्ट प्रकारच्या सायबर घटना सहा तासांच्या आत कळविण्याचे बंधन या पथकाने एप्रिल २०२२ मधील निदेशांद्वारे संस्थांवर घातले.

दोषाची दुरुस्ती प्रसिद्ध होताच मूळ दोष कोठे होता याचाही माग जाणकारांस लागतो. त्यामुळे दुरुस्ती प्रसिद्ध होणे व ती प्रत्यक्ष संगणकावर बसविली जाणे यांमधील काळ सर्वांत धोक्याचा असतो. हा काळ महानगरांतील मोठ्या कचेऱ्यांपुरता मर्यादित नाही. सातबारा उतारा घेणे, दाखल्यांसाठी अर्ज करणे, वस्तू व सेवा कराची विवरणपत्रे भरणे ही कामे आता ब्राउझरमधूनच होतात. रत्नागिरीलगतच्या मिरजोळे येथील औद्योगिक वसाहतीतील लहान उद्योजकास असो वा खेड्यातील सेवा केंद्राच्या चालकास असो, धोका सारखाच आहे. शिवाय केंद्रातील एकाच संगणकावर अनेक ग्रामस्थांची कागदपत्रे हाताळली जातात. अशा ठिकाणी जुने संगणक वर्षानुवर्षे वापरात राहिल्यास त्यांना दुरुस्त्या मिळेनाशा होतात. उदा., विंडोज ७ वर चालणारी क्रोमची अखेरची आवृत्ती १०९ वी असून, फेब्रुवारी २०२३ मधील ११० व्या आवृत्तीपासून त्या प्रणालीचा आधार काढून घेण्यात आला. ब्राउझर नवी आवृत्ती आपोआप उतरवून घेत असला, तरी तो बंद करून पुन्हा सुरू केल्याशिवाय ती लागू होत नाही. जुनेच एंजिन चालू राहते. म्हणून सूचना दिसताच ब्राउझर पुन्हा सुरू करणे व दुरुस्त्या मिळणे थांबलेली प्रणाली अशा कामांतून काढून टाकणे, हे सामान्य वापरकर्त्याच्या हातातील दोन प्रभावी उपाय होत.